चहा होईपर्यंत

गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येत असेल, तर न दिसणाऱ्या बिघाडाचा. मोडलेली वस्तू बरी. ती मोडलेली दिसते, काढता येते, दुसरी बसवता येते. पण गिऱ्हाईक सांगतं गाडी बंद पडते, आणि माझ्यासमोर तीच गाडी मुकाट चालते, तेव्हा माझं डोकं उठतं. परतूरला गॅरेज टाकून मला तीस वर्षं होत आली. आधी कंबर गेली, मग मान गेली, गुडघे कधी गेले ते कळलंसुद्धा नाही. नव्या गाडीला यंत्र जोडलं की ते बिघाड काय ते स्वतःच सांगतं, त्यामुळे नव्या मिस्तऱ्यांचं बरं आहे. माझ्याकडे येतात त्या उरल्यासुरल्या जुन्या पेट्रोल गाड्या. त्यांना आणि मला, दोघांनाही हल्ली सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो.

मी शिकलो तेव्हा ठिणगी पाडायचं काम पॉइंट करायचे. दोन पत्र्यांची तोंडं, उघडायची, मिटायची. काळी पडली की पॉलिशपेपरनं घासायची, की गाडी चालू. डोळ्यांना दिसायचं सगळं. मग इलेक्ट्रॉनिक आलं. पॉइंटच्या जागी काडेपेटीपेक्षा लहान, सगळीकडून बंद अशी एक डबी आली, मॉड्यूल म्हणतात तिला. ठिणगीला जोर देणाऱ्या कॉइलचा करंट कधी जोडायचा, कधी तोडायचा हे ती ठरवते. ती उघडता येत नाही, घासता येत नाही, तिला काही विचारताही येत नाही. चांगली असेपर्यंत पॉइंटच्या शंभर पट चांगली. बिघडली की मात्र देवाचं नाव घ्या.

त्यात आमच्याकडे इंजिनाच्या झाडून सगळ्या दुखण्यांना एकच शब्द आहे, करंट. गाडी चालू होत नाही, तर करंट न्हाई. झटके देते, तर करंट तुटून राह्यला. गिऱ्हाईक करंट म्हणालं की मिस्तरी मान हलवतो आणि चार प्लग बदलून मोकळा होतो. दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला. हे मी दुसऱ्या मिस्तऱ्यांबद्दल हसून सांगत आलो. आता हसत नाही, त्याचं कारण एक साहेब आणि त्यांची पांढरी गाडी.

साहेब पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली असतील. तीर्थपुरीला घर बांधून राहिले होते, पण नोकरीतली बरीच वर्षं परतूरला काढलेली, त्यामुळे गाडी माझ्याकडेच आणायचे. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात एक छोटी वही. कालव्याला किती पाणी सुटलं, कुठल्या दारावर किती वाजता किती इंच होतं, हे जन्मभर लिहिलेला माणूस. ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. गाडीत पेट्रोल कधी टाकलं, चाकात हवा कधी भरली, सगळं त्या वहीत. त्यांची थोरली बहीण बदनापूरला एकटी असायची. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी हे गाडी काढून तिला भेटून यायचे. एवढ्यासाठीच त्यांनी ती जुनी गाडी सांभाळली होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले.

"मिस्तरी, गाडी रस्त्यात बंद पडून राह्यली. थोडं थांबलं की आपोआप चालू होती."

"बघू की साहेब. बॉनेट उघडा, बसा, चहा सांगतो."

हे माझं ठरलेलं वाक्य. एवढ्या लांबून उन्हातून माणूस आला आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्याही न देता आपण पाना-पकड घेऊन त्याच्या गाडीला झोंबलो, असं आमच्याकडे होत नाही. समोरच्या टपरीवर चहा सांगायचा. तो टपरीवाला दूध उकळून उकळून आणणार. तोवर कापसाचं काय, कालव्याला पाणी कधी सुटतंय, अमक्याच्या लेकीचं जमलं का, हे सगळं होणार. बॉनेट उघडं ठेवायचं, कारण तापल्या इंजिनात हात घातला तर कातडी जाते. चहा संपून मी उठेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज गेलेला असतो.

त्या दिवशीही गेला. मग मी चावी मारली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. प्लग काढून पाहिले, कोरडे, तपकिरी, जसे असावेत तसे. वायरी पाहिल्या, चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसलं, ठिणगी पाहिली. निळी, जाड, टच्च ठिणगी. गावात दोन चकरा मारून आलो.

"साहेब, गाडीत काही न्हाई. टाकीत कचरा असंल. फिल्टर बदलतो."

फिल्टर बदलला. तीन आठवड्यांनी साहेब पुन्हा हजर. पुन्हा बॉनेट, पुन्हा चहा, पुन्हा निळी ठिणगी. या वेळी मी पेट्रोलचा पंप बदलला, कारण काहीतरी बदलल्याशिवाय त्यांना परत पाठवणं बरं दिसेना. साहेब वही उघडून वाचायला लागले, "सोळा तारीख, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, रस्त्यात पाच मिनिटं थांबलो होतो, तिथून..." मी अर्ध्यातच म्हणालो, "असू द्या साहेब, मला समजलं." मला काहीही समजलं नव्हतं. त्या दिवशी माझी मान दुखत होती आणि मागे दोन गाड्या उभ्या होत्या.

तिसऱ्या खेपेला साहेबांचा मुलगा बरोबर आला. जालन्याला ऑफिसात नोकरीला, घरही तिकडेच. तो स्वतः गाडी चालवत आला होता आणि त्याच्या हातात ती एकदाही बंद पडली नव्हती. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, तो सकाळच्या थंड वेळेला निघाला होता आणि कुठेही न थांबता आला होता. तेव्हा मात्र मी असा कुठलाच विचार केला नाही. चहा झाला. मी गाडी तपासली. मुलानं मला बाजूला घेतलं, पण इतकं बाजूला नाही की साहेबांना ऐकू जाऊ नये.

"मिस्त्री, खरं सांगा. गाडीत काही प्रॉब्लेम आहे का? माझ्याकडं कधीच बंद पडत नाही. आईला घेऊन गेले तेव्हापण पडली नाही. फक्त हे एकटे असले की पडते. हल्ली ते विसरतात पण थोडं. आम्हाला वाटतं, चावी बंद करून परत चालू करायचंच राहत असंल."

तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मला काही सापडलं नाही, एवढंच खरं बोललो असतो तरी खूप होतं. पण तीन वेळा हात काळे करून काही हाती न लागलेल्या मिस्तरीला आपण हरलो असं म्हणवत नाही. आणि जिभेला हाड नसतं.

"गाडी बिलकुल ए-वन हाय," मी म्हणालो. वर हसून पुढे जोडलं, "वय झालं की माणसाला गाडीबी म्हातारी वाटाया लागती."

मुलगाही हसला. साहेब गाडीच्या पलीकडे उभे होते. त्यांनी वही खिशात घातली, बटण लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. स्वतःच्या गाडीत मागे बसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

पुढे साहेब आले नाहीत. गाडीची चावी मुलानं जालन्याला नेली, असं तिकडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. एक डोकेदुखी कमी झाली होती. पावसाळा आला, गेला. बाजारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या.

मग दिवाळीनंतर मुलाचा फोन आला. गाडी विकायची ठरली होती. घेणारा परतूरचाच होता आणि तो दुपारी माझ्या गॅरेजवर येऊन गाडी बघणार होता. "तुम्ही फक्त त्याला सांगा, कंडिशन चांगली आहे म्हणून. पप्पा घेऊन येतील गाडी. शेवटचं मीच नेतो म्हणाले, मी म्हटलं जाऊ द्या, चावी पाठवून दिली."

साहेब बाराच्या सुमाराला आले. दिवाळीनंतरही आमच्याकडे दुपारचं ऊन काही हटत नाही. त्यांनी गाडी माझ्या दारात लावली, बंद केली आणि उतरले. वाळले होते. शर्टाची इस्त्री तशीच होती, पण चालणं बदललं होतं, पाय जपून टाकत होते.

"बसा साहेब," मी म्हणालो आणि सवयीनं समोर हात केला. टपरी बंद होती. टपरीवाल्याच्या घरी लग्न होतं, तो चार दिवस गावाला गेला होता. मी स्वतः सकाळपासून चहावाचून बसलो होतो आणि त्यामुळे माझं डोकं आधीच धरलं होतं. आज चहा नाही तर गप्पा कशाच्या मारायच्या? आणि ह्या माणसासमोर नुसतं बसून राहायची मला लाज वाटत होती. पाच-सात मिनिटं हत्यारं इकडची तिकडे ठेवली, मग म्हटलं, काम तरी उरकावं. घेणारा यायच्या आत एकदा आवाज ऐकून घेऊ. बॉनेटही उघडलं नाही.

"मारा चावी, साहेब."

साहेबांनी चावी मारली. स्टार्टर फिरला, इंजिन फिरलं, पण पकडलं नाही. पुन्हा मारली. नुसतंच कुरकुर कुरकुर. पेट्रोलचा वास आला, म्हणजे पेट्रोल येत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, ते आता ओरडतील, की बघ, बघ, मी काय सांगत होतो. पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही काढली आणि लिहिलं.

मी बॉनेट उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. प्लगची एक वायर उपसली, तिच्यात जुना प्लग खोचला, फडक्यात धरून इंजिनाला टेकवला. "मारा." ठिणगी नाही. गेल्या सात-आठ महिन्यांत या गाडीत ठिणगी नसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी मान, गुडघे, चहा, सगळं मी विसरलो.

मग एकेक. टेस्टिंगचा दिवा कॉइलच्या एका टोकाला लावला, लागला. म्हणजे बॅटरीकडून करंट येतोय. तोच दिवा दुसऱ्या टोकाला लावून साहेबांना चावी मारायला सांगितली. मॉड्यूल काम करत असेल तर इथं दिवा लुकलुकायला पाहिजे, कारण ते करंट जोडतं-तोडतं. दिवा लुकलुकला नाही, नुसता जळत राहिला. जोडणारं-तोडणारं कुणी नव्हतंच. डिस्ट्रिब्युटरच्या आत एक पिकअप कॉइल असते, ती मॉड्यूलला कधी तोडायचं ते सांगते. ती मीटरवर मोजली. बरोबर होती. राहिली ती डबी.

बादलीत फडकं बुडवून पिळलं आणि डबीवर धरून बसलो. किती वेळ, ते साहेबांच्या वहीत आहे. चार मिनिटं.

"मारा."

गाडी चालू झाली.

मी फडकं काढलं, बॉनेट पाडलं, गाडी तशीच चालू ठेवली. बारा मिनिटांनी ती आपण होऊन बंद पडली. पुन्हा ओलं फडकं, पुन्हा चालू. पुन्हा बॉनेट, पुन्हा बंद. तापलं की डबीच्या आतला कुठला तरी जोड सुटत होता, निवलं की पुन्हा चिकटत होता. धावत्या गाडीला वारा लागतो, म्हणून धावताना सहसा काही होत नव्हतं. ऊन असताना मध्येच पाच मिनिटं थांबलं, की इंजिनाची धग त्या डबीवर चढायची आणि ती मरायची. अर्धा तास गेला की पुन्हा जिवंत. आणि अर्धा तास म्हणजे माझा चहा. प्रत्येक वेळी मी बॉनेट उघडून, खुर्ची देऊन, गप्पा मारून त्या बिघाडाला चहा पाजून घरी पाठवत होतो, आणि मग ठिणगी शोधत होतो.

मी हात पुढे केला.

"साहेब, वही बघू."

त्यांनी दिली. बारीक, सरळ अक्षर. सगळं होतं तिच्यात. ऊन, वेळ, मध्ये कुठं थांबले, किती मिनिटं बंद. आणि माझ्या गॅरेजची नोंद तीनदा. "परतूर गॅरेज. बॉनेट उघडं. चहा, चाळीस मिनिटं. गाडी चालू." तीनही वेळा चहा लिहिलेला. दुसऱ्याच खेपेला मी ही वही नीट वाचली असती, तर तिथंच उमगलं असतं.

"तुम्ही तर सगळं लिवलं होतं," मी म्हणालो.

"लिवलं होतं," साहेब म्हणाले. "पण मंग घरात वहीचंच बोलणं निघालं. ध्यानात राहत न्हाई म्हणून लिवून ठेवतेत म्हणे. मलाबी वाटाया लागलं, असंल बाबा. सगळेच म्हणून राह्यले तर असंल."

मी मुलाला फोन लावला. काय सांगायचं ते मनात जुळवलं होतं, पण ऐनवेळी सगळं विस्कटलं.

"गाडीतच होतं," मी म्हणालो. "मॉड्यूल गेलंय. तुमचे वडील पहिल्या दिवसापासून बराबर सांगत होते."

मग तो म्हणाला, "पण मिस्त्री, तुम्हीच तर म्हणाला होता ए-वन आहे."

"म्हणलो होतो. मला सापडलं न्हाई म्हणून म्हणलो होतो. चूक माझी हाय."

"त्या माणसाला सांगा, गाडी विकायची नाही," तो म्हणाला. "पप्पांना द्या फोन."

साहेबांनी फोन कानाला लावला. "हो," म्हणाले. "हो. न्हाई, जेवण गाडीत हाय, खातो. हो." एवढंच बोलून त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला मी फाटकातूनच परत पाठवलं. मॉड्यूल जालन्याहून यायचं होतं, मी दुकानात सांगितलं, संध्याकाळच्या आत येतं म्हणाले.

साहेब खुर्चीवर बसून राहिले. मग त्यांनी पँटच्या खिशातून एक गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. अर्ध्याच्या वर गोळ्या संपल्या होत्या.

"मंग आता ह्या खाऊ का बंद करू?"

"कशाच्या हायत?"

"ध्यानात राहायच्या. दोन महिने झाले. चक्कर येती यांनी, पाय लटपटतेत. बदनापूरला तर चावी गेली तवापासून गेलो न्हाई. बहीण फोनवर रडती, मी म्हणतो येतो, येतो."

मी म्हणालो, "साहेब, हे मला काय इचारता? डॉक्टरला इचारा."

साहेब शांतपणे म्हणाले, "डॉक्टरनं तरी कुठं मला इचारलं? पोरानं सांगितलं, गाडी बंद पडती म्हणतेत, अन् मिस्तरी म्हणतो गाडीत काही न्हाई. मंग डॉक्टर म्हणला, गाडीत न्हाई तर यांच्यात असंल. तुझ्या सांगण्यावरच दिल्यात ह्या."

टोमणा नव्हता तो. कालव्याच्या दारावर किती इंच पाणी होतं ते सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला, हे मी जन्मभर दुसऱ्यांना हसून ऐकवलं होतं. समोरच्या माणसाच्या हातातल्या गोळ्या माझ्या होत्या. त्या ए-वनच्या, त्या चहाच्या, त्या हसण्याच्या. मी हात जोडले. तेलकट हात, तेही नीट जुळले नाहीत.

"हात नको जोडू," साहेब म्हणाले. "लिवून दे. तुझ्या तोंडी बोलण्यावर गोळ्या दिल्या, आता तुझं लिवलेलं दाखवतो. खात्यात आम्ही तसंच करायचो. पाणी मोजणाऱ्यानं मोजायचं अन् दुसऱ्यानं खाली सही करायची."

त्यांनी वहीचं पान उघडून दिलं, पेनाचं टोपण काढून दिलं. त्या दिवसाची सगळी नोंद त्यांनी केली होतीच, पहिल्या चावीपासून शेवटच्या ओल्या फडक्यापर्यंत. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. मी हात पँटला पुसले. शाळा सुटल्यापासून मी इतकं जपून काही लिहिलं नसेल. 'बिघाड गाडीत होता. साहेबांमध्ये नव्हता.' खाली सही केली. पानाला अंगठ्याचा काळा डाग पडलाच.

साहेबांनी चष्मा लावला. दोन्ही ओळी वाचल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग वही माझ्याकडे सरकवली.

"तारीख टाकायची राह्यली," ते म्हणाले.